रबराचा भाग संगणकावर दाबताना : फायनाइट एलिमेंट ॲनालिसिसच्या (एफईए) नवख्यांसाठी

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत डिझाइन विभागात नव्याने लागलेल्या पोरापोरींच्या वाट्याला सुरुवातीला पत्र्याची ब्रॅकेटं येतात. मॉडेल घ्यायचं, मेश करायची (म्हणजे भागाचे छोटे तुकडे, एलिमेंट, पाडायचे), यंग्ज मॉड्युलस २,१०,००० मेगापास्कल, पॉयसनचं गुणोत्तर ०.३, लोड लावायचा, की चित्र तयार. मग एक दिवस टेबलावर रबराचं माउंटिंग, बुश नाहीतर सील येतं. तीच पद्धत तिथे वापरली तर गणित बहुधा अर्ध्यावर मोडतं. मोडलं नाही तर जास्त काळजी करा, कारण मग ते चुकीचं उत्तर छान रंगवून समोर ठेवतं.

स्टीलच्या भागात विस्थापन इतकं बारीक असतं की मूळ आकारावरच सगळा हिशेब केला तरी चालतो. रबर वीस टक्के दाबलं, दुप्पट ताणलं तरी त्याच्यासाठी ती रोजची गोष्ट. आकार बदलला की क्षेत्रफळ बदलतं, बलाची दिशा बदलते, कडकपणा बदलतो. म्हणून लोड थोडाथोडा वाढवत, दर टप्प्यावर नव्या आकाराचा कडकपणा काढत, न्यूटन-रॅफसनच्या पद्धतीने समतोल गाठावा लागतो. हे काम सॉफ्टवेअर करतं. तुमचं काम त्याला योग्य रबर देणं, योग्य एलिमेंट देणं आणि आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवणं.

सरावासाठी महागडं लायसन्स लागत नाही. कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्राम) फुकट आहे आणि त्याच्यासाठी मॉडेल तयार करायला प्रीपोमॅक्स हेही फुकट आहे. दोन्ही विंडोजच्या साध्या लॅपटॉपवर चालतात. खाली जे सांगतोय ते कंपनीतल्या महागड्या पॅकेजलाही तसंच लागू आहे, फक्त बटणांच्या जागा वेगळ्या.

घनफळ जवळजवळ बदलत नाही, हे आधी डोक्यात बसवा

६० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाच्या सर्वसाधारण रबराचा शिअर मॉड्युलस साधारण १.२ मेगापास्कल असतो, तर बल्क मॉड्युलस २,००० मेगापास्कलच्या आसपास. म्हणजे आकार बदलायला जेवढा जोर लागतो, त्याच्या दीडहजार पटीहून जास्त घनफळ बदलायला लागतो. पॉयसनचं गुणोत्तर निघतं ०.४९९७. एका दिशेने दाबलं की रबर दुसरीकडून बाहेर येणारच. त्याला बाहेर यायला जागा आहे की नाही, यावर त्या भागाचा कडकपणा ठरतो. एलिमेंटची निवड, हाताने करायचा ताळा, माउंटिंगला आतून पडणारी चीर, या लेखातलं बहुतेक सगळं याच एका गोष्टीतून येतं.

इथे कोणी म्हणेल, ०.४९९७ कशाला, ०.४५ टाकू, गणित सुटतं ना! सुटतं. पण दोन्ही बाजूंनी लोखंडाला चिकटवलेल्या पातळ चकतीत ०.४५ आणि ०.४९९७ मधला फरक काही पट निघू शकतो. मोकळ्या भागात तो फारसा दिसत नाही, म्हणून ही सवय लागते आणि मग मोडत नाही.

कंपाउंडचे (म्हणजे रबराच्या मिश्रणाचे) आकडे

ड्रॉइंगवर बहुतेक वेळा एवढंच असतं: एनबीआर किंवा ईपीडीएम (रबराचे प्रकार), ६० ± ५ शोअर ए. सुरुवात करायला तेवढं पुरतं. ॲलन जेंट यांनी १९५८ मध्ये कडकपणावरून यंग्ज मॉड्युलसचा अंदाज देणारं सूत्र मांडलं:

य = ०.०९८१ × (५६ + ७.६२३३६ × श) ÷ [०.१३७५०५ × (२५४ − २.५४ × श)]

इथे श म्हणजे शोअर ए चा आकडा आणि य मेगापास्कलमध्ये. ५० ला २.४६ येतं, ५५ ला २.९७, ६० ला ३.६० आणि ६५ ला ४.४३. या चार आकड्यांकडे जरा थांबून बघा. ड्रॉइंगवरच्या ± ५ मुळे मॉड्युलस खाली १८ टक्के आणि वर २३ टक्के सरकतो, आणि तो माल तपासणीत पास होतो. तेव्हा मेश बारीक करून उत्तर दोन टक्क्यांनी सुधारण्यात दिवस घालवायचा की ५५, ६० आणि ६५ असे तीन रन मारून साहेबांसमोर पट्टा ठेवायचा? मी दरवेळी दुसरं करायला सांगेन.

कंपाउंडवाल्याच्या डेटाशीटमध्ये ‘१०० टक्क्यांचा मॉड्युलस’ असा एक आकडा असतो. तो यंग्ज मॉड्युलस नव्हे. तुकडा दुप्पट लांब केला तेव्हा किती ताण लागला, एवढंच तो सांगतो. वरच्या ३.६ च्या रबराला तो जवळपास २.१ येईल. हा आकडा यंग्ज मॉड्युलस म्हणून टाकला की माउंटिंग चाळीस टक्क्यांनी मऊ होऊन बसतं.

भाग महत्त्वाचा असेल तर चाचणी करून घ्या. डंबेल तुकड्याची ताणचाचणी आयएस ३४०० या भारतीय मानकाच्या भाग १ प्रमाणे होते. संभाजीनगरात सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आहे, कंपाउंड पुरवणाऱ्यांच्याही प्रयोगशाळा असतात. आधी फोन करून रबरासाठी कोणता लोड सेल (बल मोजणारा) आणि कोणता एक्स्टेन्सोमीटर (लांबीतला बदल मोजणारा) आहे ते विचारा. पकडींमधल्या अंतरावरून मोजलेला स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत किती ताणलं) रबरात कामाचा नसतो, डंबेलच्या बारीक भागावरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजायला हवं.

चाचणी मागताना आणखी दोन गोष्टी सांगा. एक, तुकडा आधी चार-पाच वेळा ताणून सोडा आणि मग वक्र नोंदवा. नवं रबर पहिल्या वेळी कडक लागतं आणि नंतर मऊ पडतं; लिओनार्ड मलिन्स यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. गाडीवर बसलेलं बुश आयुष्यभर नंतरच्या वक्रावर चालतं. दुसरं, तुमचा भाग कामात जितका ताणला जाणार त्याच्या थोडंच पुढे जा. ३० टक्क्यांच्या कामासाठी ५०० टक्क्यांचा वक्र दिलात, तर वक्र जुळवणारं गणित त्या दूरच्या टोकाची मनधरणी करण्यात तुमचा भाग बिघडवतं.

आणि तापमान. प्रयोगशाळेत २७ अंश असतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४४ ला जातो आणि इंजिनाशेजारी त्याहून वर. काजळी भरलेली कंपाउंड गरम झाल्यावर साधारणपणे मऊ पडतात, म्हणून प्रयोगशाळेत हीट चेंबर असेल तर ७० अंशांचा एक वक्र मागून ठेवा.

मटेरियल मॉडेल निवडताना

यादी लांब असते: निओ-हूक, मूनी-रिव्हलिन, येओ, ऑग्डेन, अरुडा-बॉयस. मूनींचं काम १९४० चं, रिव्हलिन यांचं १९४८ च्या सुमाराचं, ऑग्डेन यांचं १९७२ चं. सगळी मॉडेलं एकच काम करतात: रबर किती विरूपित झालं यावरून त्यात साठलेली ऊर्जा सांगतात, आणि त्या ऊर्जेवरून ताण निघतो.

हातात फक्त शोअर असेल तर निओ-हूक घ्या. त्यात एकच स्थिरांक, सी१० = य ÷ ६. ६० शोअरला तो ०.६ मेगापास्कल. तीस-चाळीस टक्क्यांच्या स्ट्रेनपर्यंत तो निभावतो. ताणचाचणीचा एक वक्र असेल आणि स्ट्रेन त्याहून जास्त असेल तर येओ. तीन स्थिरांकांचं हे मॉडेल शेवटी वर वळणारा वक्रही पकडतं आणि न तपासलेल्या प्रकारच्या विरूपणातही सहसा भान सोडत नाही. ऑग्डेनला हात लावायचा तो साधा ताण, दोन्ही दिशांचा ताण आणि शुद्ध शिअर अशा तिन्ही चाचण्या हातात असतील तेव्हाच. ट्रेलोअर यांनी १९४४ मध्ये एकाच रबराच्या अशा वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे छापले. नवं मॉडेल मांडणारे आजही त्यांवरच ते घासून बघतात, कारण एका वक्राला सुंदर जुळणारं मॉडेल दुसऱ्यावर सपशेल आपटू शकतं.

मूनी-रिव्हलिन कंपन्यांमध्ये सर्रास वापरतात. मला ते फारसं आवडत नाही. एका ताणवक्रावरून जुळवलं की दुसरा स्थिरांक कधी ऋण येतो, तर कधी दाबात रबर खऱ्यापेक्षा खूप कडक दिसतं. वापरायचंच असेल तर सॉफ्टवेअरची स्थिरतेची तपासणी चालवून बघा, आणि ‘अस्थिर’ असा इशारा आला तर तो बंद करून पुढे जाऊ नका.

घनफळाचा स्थिरांक डी१ = २ ÷ बल्क मॉड्युलस. २,००० साठी ०.००१. ही जागा कोरी सोडली की काही सॉल्व्हर स्वतःच्या मनाने आकडा धरतात आणि तो खूप मऊ असू शकतो. आकडा स्वतः लिहा.

आधी एकच घन

माउंटिंगची फाइल उघडायच्या आधी १० मिलिमीटर बाजूचा एक घन घ्या, एकच एलिमेंट. तीन लगतच्या पृष्ठांवर सममितीच्या अटी लावा: प्रत्येक पृष्ठ फक्त स्वतःच्या लंबदिशेने अडवलेलं. खालचं पृष्ठ तिन्ही दिशांनी जाम केलंत तर तो साधा ताण राहत नाही. मग वरचं पृष्ठ ५ मिलिमीटर वर ओढा.

हाताचा हिशेब असा. लांबीचं गुणोत्तर ल = १५ ÷ १० = १.५. निओ-हूकसाठी

मूळ क्षेत्रफळावरचा ताण = २ × सी१० × (ल − १ ÷ ल²)

म्हणजे १.२ × (१.५ − ०.४४४) = १.२७ मेगापास्कल, आणि १०० चौरस मिलिमीटरवर १२७ न्यूटन. सॉफ्टवेअरचं प्रतिक्रिया बल एवढं यायला हवं. बाजू १० वरून ८.१६ मिलिमीटर झालेली दिसली पाहिजे, नाहीतर घनफळ टिकलेलं नाही.

चित्रात मात्र १.९ मेगापास्कल दिसेल. गडबड नाही, चित्र बदललेल्या, आक्रसलेल्या क्षेत्रफळावरचा खरा ताण दाखवतं आणि तो १.२७ × १.५ इतका असतो. स्ट्रेनचंही तेच. साध्या व्याख्येने तो ०.५, ग्रीनच्या व्याख्येने ०.६२५, लॉगरिदमिक व्याख्येने ०.४०५. तुमचं पॅकेज यातलं कोणतं छापतं, ते या एका घनावरून कळतं.

आता तोच घन २ मिलिमीटर दाबा. ल = ०.८, बल ९१.५ न्यूटन. साधं रेषीय गणित इथे ७२ सांगतं आणि मघाच्या ताणात १८० सांगत होतं. दाबताना रबर रेषेपेक्षा कडक, ताणताना मऊ. हे आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. एककं इथेच पक्की होतात: मिलिमीटर, न्यूटन, मेगापास्कल, आणि वस्तुमान लागलंच तर टन.

आता माउंटिंग

जनरेटरखाली, पिठाच्या गिरणीच्या मोटारीखाली असतं तसं गोल माउंटिंग घेऊ: व्यास ४० मिलिमीटर, रबराची उंची २०, वर-खाली लोखंडी चकत्या चिकटवलेल्या, ६० शोअर.

हाताचा ताळा आधी. चिकटवलेल्या चकतीला बाहेर यायला फक्त कडेची जागा असते, म्हणून ती मोकळ्या तुकड्यापेक्षा कडक. किती कडक ते आकारांक सांगतो: दाबलेलं क्षेत्रफळ भागिले मोकळं क्षेत्रफळ. गोल चकतीसाठी तो व्यास ÷ (४ × उंची), इथे ०.५. कडकपणा (१ + २ × आकारांकाचा वर्ग) पट, म्हणजे दीडपट. क्षेत्रफळ १,२५७ चौरस मिलिमीटर. २ मिलिमीटर दाबलं की ल = ०.९, ताण ०.४० मेगापास्कल, आणि बल ०.४० × १.५ × १,२५७, म्हणजे साधारण ७५५ न्यूटन. ४ मिलिमीटरला याच रीतीने १,७२५. हे अंदाज आहेत. एफईए दहा-पंधरा टक्क्यांत आलं तर ठीक, दुप्पट आलं तर चूक तुमच्या मॉडेलमध्ये शोधा.

भाग गोल आणि लोड अक्षावर आहे, तेव्हा पूर्ण त्रिमितीय मेश कशाला? अक्षसममित मॉडेल करा. २० त्रिज्येचा, २० उंचीचा आयत, आणि मधल्या पातळीवर सममिती घेतली तर १० उंचीचा. मग विस्थापनही निम्मंच लावायचं, हे विसरू नका. प्रतिक्रिया बल पूर्ण वर्तुळाचं छापलंय की एका रेडियनचं, तेही मॅन्युअलमध्ये बघा. एलिमेंट आत १ मिलिमीटरचे, चिकटवलेल्या कडेजवळ अर्ध्याचे. लोखंडी चकतीची मेश करूच नका, तिच्या जागी रबराच्या त्या पृष्ठाचे नोड (एलिमेंट जोडणारे बिंदू) बांधून टाका.

एलिमेंटचा प्रकार ही इथली खरी खोच. साधा चार नोडचा किंवा आठ नोडचा, पूर्ण इंटिग्रेशनचा (आतल्या सगळ्या हिशेबाच्या बिंदूंवर मोजणारा) एलिमेंट घनफळ न बदलण्याची अट आपल्या प्रत्येक बिंदूवर पाळायला बघतो. अटी जास्त, हलायची मोकळीक कमी, मग तो अडकून बसतो. यालाच व्हॉल्युमेट्रिक लॉकिंग म्हणतात. भाग खऱ्यापेक्षा कितीतरी कडक दिसतो आणि दाबाचं चित्र काढलं तर शेजारशेजारच्या एलिमेंटांत उंच-खोल, उंच-खोल असा बुद्धिबळाचा पट दिसतो. उपाय दोन. पॅकेजमध्ये हायब्रिड एलिमेंट असतील तर ते, कारण ते दाब हा वेगळा अज्ञात धरून सोडवतात. कॅल्क्युलिक्समध्ये कमी इंटिग्रेशनचे दुसऱ्या दर्जाचे एलिमेंट घ्या: त्रिमितीत वीस नोडचा, अक्षसममितीत आठ नोडचा. अशा वेळी बल्क मॉड्युलस २,००० ऐवजी २०० धरला तरी पॉयसन ०.४९७ राहतो आणि जाड, मोकळ्या भागाच्या उत्तरात फारसा फरक पडत नाही. पातळ चकतीला ही सूट नाही.

स्टेपमध्ये मोठ्या विरूपणाचा, म्हणजे एनएलजिऑमचा पर्याय चालू हवा. पहिलं इन्क्रिमेंट (लोडचा एक टप्पा) पाच टक्क्यांचं, जास्तीत जास्त दहा. आणि बल लावू नका, विस्थापन लावा. बलावर चालवलेलं मॉडेल मध्येच कुठे मऊ पडलं की उडी मारून मोडतं. विस्थापनावर ते वाट काढतं आणि बल तुम्हाला नंतर वाचता येतं.

गणित मोडलं की

लॉग फाइल वाचा. बहुतेक जण इन्क्रिमेंट लहान करत बसतात, कारण न वाचताही ते करता येतं. जेकोबियन ऋण झाला असं लिहिलं असेल तर एखादा एलिमेंट उलटा झालाय. त्याचा क्रमांक घेऊन तो शोधा. तो बहुधा चिकटवलेल्या टोकाच्या कोपऱ्यात असतो. तिथली मेश आधीच अशी आखा की दबल्यावर चौकोन बरे दिसतील, म्हणजे दाबाच्या दिशेने थोडे लांबट. खूप बारीक मेश रबरात लवकर मोडते. स्टीलची सवय इथे उलटी पडते.

एलिमेंट ठीक आहेत, पण प्रत्येक फेरीत उरलेलं बल नुसतं थोडंथोडं कमी होतंय, तर कॉन्टॅक्टकडे बघा. वीस-पंचवीस टक्क्यांपुढे माउंटिंगची फुगलेली कड लोखंडी चकतीला टेकते. तो कॉन्टॅक्ट मॉडेलमध्ये नसेल तर रबर लोखंडातून आरपार जातं आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही.

उत्तर वाचताना

व्हॉन मायसेसचं चित्र रबरात बाजूला ठेवा. ते धातूच्या यील्डिंगसाठी आहे. बल-विस्थापनाचा वक्र काढा आणि सर्वांत मोठा मुख्य स्ट्रेन बघा. चिकटवलेल्या कडेच्या अगदी टोकाला मेश जितकी बारीक कराल तितका ताण वाढत जाईल. तो आकडा अहवालात लिहू नका.

माउंटिंग ओढलं जाणार असेल तर दाबाचं चित्रही बघा. चिकटवलेली चकती ओढली की मध्यावर रबर सर्व बाजूंनी ताणलं जातं, आणि घनफळ वाढू न देणारं रबर तिथे आतून फाटतं. जेंट आणि लिंडले यांनी १९५९ मध्ये दाखवलं की हे सर्वदिश ताण साधारण ५य ÷ ६ झाला की होतं. आपल्या रबरासाठी ३ मेगापास्कल. बाहेरून चकती धडधाकट दिसते, आत पोकळी पडलेली असते.

पुढचा सराव: ठिबकचा ग्रोमेट

माउंटिंग जमलं की कॉन्टॅक्टसाठी ठिबक सिंचनाचा ग्रोमेट घ्या. आपल्याकडे बहुतेकांच्या शेतात तो सापडतो, मोजायला व्हर्नियर पुरतो. सबमेनच्या पीव्हीसी पाइपला भोक, त्यात ग्रोमेट (रबरी कडी), ग्रोमेटमध्ये टेक-ऑफ (बारीक नळी जोडायचा तुकडा). ग्रोमेट तिरका करून भोकात ढकलला जातो तो भाग त्रिमितीय आणि किचकट आहे, तो सध्या सोडा. बसलेल्या अवस्थेपासून सुरू करा. टेक-ऑफचा बाहेरचा व्यास ग्रोमेटच्या भोकापेक्षा मोठा असतो, म्हणून पहिल्या स्टेपमध्ये टेक-ऑफ त्रिज्येच्या दिशेने हळूहळू फुगवत खऱ्या मापाला आणा. तो आणि पाइप दोन्ही कडक पृष्ठं धरा. पाइपचा बाक विसरून सपाट भिंत धरली तरी पहिल्या अंदाजाला चालतं.

घर्षणांक आधी ०.१ धरा, म्हणजे साबणाचं पाणी लावून बसवल्यासारखा, मग ०.५ ने पुन्हा चालवा. उत्तर काय बघायचं? पाइपच्या भोकाच्या कडेवरचा कॉन्टॅक्ट दाब. ठिबकचा दाब एक ते दीड किलो, म्हणजे ०.१ ते ०.१५ मेगापास्कल, कॉन्टॅक्ट दाब संपूर्ण वळशात त्याच्या वर राहिला तर गळती नाही. मग भोक अर्धा मिलिमीटर मोठं करून पुन्हा चालवा. ड्रिल हलल्यावर जोड का ठिबकतो, ते वक्रावर दिसेल.

दोन हंगामांनी तोच ग्रोमेट का गळतो, हे मात्र या मॉडेलला विचारू नका. हायपरइलॅस्टिक मटेरियलला (वरची निओ-हूक, येओ वगैरे मॉडेलं याच जातीची) काळ कळत नाही, ऊनही नाही. त्यासाठी कंपाउंडवाल्याकडून कॉम्प्रेशन सेटचा आकडा मागवा, चाचणीचं रबरी बटण २५ टक्के दाबून ७० अंशांवर २२ तास ठेवलेला. तो ३० टक्के असेल तर दाबलेल्या मापातला तेवढा भाग परत येणार नाही असं धरा, इंटरफेरन्स (टेक-ऑफ भोकापेक्षा जितका मोठा ते माप) तितका कमी करा आणि कॉन्टॅक्ट दाब पुन्हा काढा.